उलटा वाचलेला आकडा

गेल्या पंधरवड्यात कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीत बैठक झाली. विषय नशेच्या गोळ्यांचा. मागच्या गल्लीतली दोन पोरं पहाटे बेशुद्ध सापडली, खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली आणि पेठ पेटली. पेटणं साहजिक होतं, दोघंही आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. पण दीड तासाच्या त्या बैठकीत जे बोललं गेलं ते ऐकून मी अस्वस्थ होऊन घरी आलो. एका तरुण कार्यकर्त्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं की अमेरिकेत हेरॉईन घेणाऱ्या शंभरातल्या ऐंशी जणांची सुरुवात डॉक्टरच्या गोळीने झाली. मागून लगेच आवाज आला, "मग गोळ्याच बंद करा की!" टाळ्या पडल्या. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तिथेच लिहिला गेला: अफूच्या जातीची सगळी वेदनाशामकं (मॉर्फिन, ट्रॅमाडॉल वगैरे) जिल्ह्यातल्या मेडिकलमधून हद्दपार करा. बैठकीला एक डॉक्टर होते. त्यांनी हात झटकले, "हे सगळं अमेरिकेचं दुखणं, आपल्याकडे असलं काही नाही."

मी सव्वीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो. दोघांचंही चुकतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी आणि गर्द, म्हणजे पुडीतलं हेरॉईन, यांचं नातं खरं आहे, त्यामुळे डॉक्टरसाहेबांना हात झटकता येणार नाहीत. पण ते नातं पोरांनी मोबाइलवर वाचलं तसं सरळ रेघेचं नाही. गोळीची सवय लागलेल्या माणसाचा जीव सर्वांत जास्त धोक्यात येतो तो मोजलेल्या गोळीवरून न मोजलेल्या पुडीवर जाताना. आणि त्या पुडीकडे त्याला ढकलायचं काम पुष्कळदा आपण घाईने घातलेली बंदीच करते. निवेदन आहे तसं गेलं तर आपण नेमकं तेच करू.

आधी तो आकडा घेऊ. तो खोटा नाही. २००२ ते २०११ या काळातल्या अमेरिकी सरकारी पाहण्यांतून तो निघाला. नव्याने हेरॉईनकडे वळलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के लोकांनी त्याआधी अफूच्या जातीची वेदनाशामकं घेतलेली होती. पण त्यात 'डॉक्टरने दुखण्यासाठी दिलेली गोळी' असं म्हटलेलंच नाही. मोजलं होतं ते नशेसाठी किंवा स्वतःची चिठ्ठी नसताना घेतलेल्या गोळ्यांबद्दल, म्हणजे बहुतेक वेळा मित्राकडून मिळालेल्या, नातेवाइकाच्या कपाटातून काढलेल्या. आणि त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे, तो कोणी वाचून दाखवत नाही. अशा गोळ्या नशेसाठी घेणाऱ्यांपैकी पुढच्या पाच वर्षांत हेरॉईनपर्यंत पोचले ते ४ टक्क्यांहूनही कमी. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून धारोष्ण दुधाचे कट्टे भरतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात लांग चढवून उतरणाऱ्या कुठल्याही पैलवानाला विचारा, तो त्या दुधावर वाढलेला असतो. म्हणून कट्ट्यावर पेला तोंडाला लावणारा प्रत्येक जण खासबागेत उतरतो का? शेवटाकडून मागे पाहिलं तर रस्ता एकच दिसतो. सुरुवातीला उभं राहून पुढे पाहिलं की शंभर फाटे दिसतात. धोरण ठरवणाऱ्याने सुरुवातीला उभं राहायचं असतं.

इथे समोरच्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मान्य करतो. अमेरिकेत वर्षाला एक कोटीहून जास्त लोक अशा गोळ्या नशेसाठी घेत होते. त्यांचे चार टक्के धरले तरी लाखो माणसं होतात. आणि गोळ्यांचा हा पूर आपोआप आला नव्हता. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: इस्पितळात अफूजन्य औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची फक्त ४ उदाहरणं सापडली. पत्र इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांबद्दल होतं, घरी महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तरी पुढची तीस-पस्तीस वर्षं ते 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून शेकडो लेखांत मिरवलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक बाजारात आणलं आणि ते इतरांपेक्षा कमी व्यसन लावतं असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये त्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, साठ कोटी डॉलरच्या आसपास दंड भरला आणि पुढे धंदा चालूच ठेवला. २०१२ साली तिथे अशा औषधांच्या वर्षाला साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. म्हणजे शंभर माणसांमागे एक्क्याऐंशी. गोळ्यांनी थेट मेलेले लोकही हजारोंनी आहेत. या पापावर पांघरूण घालायचा माझा विचार नाही. औषधाच्या धंद्यातल्या माणसाने तर तो कधीच करू नये.

पण मग तिथे गोळी आवळून काय झालं, हेही बघायला हवं की नको? लोक ऑक्सिकॉन्टिन कुटून हुंगत होते, विरघळवून टोचून घेत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने गोळीची घडण बदलली. नवी गोळी फुटेना, पाण्यात टाकली की तिचा डिंक व्हायचा. त्या गोळीचा गैरवापर खरोखरच घटला. आणि हेरॉईनने मरणारे? २०१० मध्ये तिथे हेरॉईनच्या ओव्हरडोसने ३,०३६ माणसं मेली. २०१६ मध्ये १५,४६९. सहा वर्षांत पाचपट. जाणकारांनी राज्याराज्यांचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा जिथे आधी ऑक्सिकॉन्टिनचा गैरवापर जास्त होता तिथेच हेरॉईनचे मृत्यू जास्त वाढलेले दिसले. माणसांची तलफ तशीच होती, फक्त तिची सोय दुसऱ्या दुकानात झाली होती. ते दुकान नाक्यावरचं, बिनपाटीचं. तिथे २०१३ नंतर फेंटानिल शिरलं, जे हेरॉईनहून कितीतरी पट तीव्र. चिठ्ठ्या साडेपंचवीस कोटींवरून २०२० पर्यंत सव्वाचौदा कोटींच्या आसपास आल्या. त्याच काळात सगळ्या अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने मरणारे ४१,५०२ वरून ९१,७९९ वर गेले. चिठ्ठ्या कमी केल्या म्हणून मृत्यू वाढले असं मी म्हणत नाही, फेंटानिलचा वाटा प्रचंड आहे. पण चिठ्ठ्या कमी केल्या की मृत्यू कमी होतात, असं म्हणणाऱ्याने या दोन आकड्यांचं उत्तर द्यायला हवं.

मृत्यू वाढतात ते का, हे दुकानदाराला चांगलं कळतं. स्ट्रिपवर लिहिलेलं असतं: किती मिलिग्रॅम, कुठल्या बॅचची, कधी मुदत संपते. हेरॉईनच्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. आजच्या पुडीत शंभरातले दहा भाग माल असेल, उद्याच्या पुडीत चाळीस. अफूच्या जातीचं कुठलंही औषध मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतं. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, मात्रा वाढत जाते. काही आठवडे खंड पडला की तो सराव उतरतो, पण माणसाच्या डोक्यात जुनीच मात्रा असते. म्हणून तुरुंगातून सुटलेल्या आणि उपचार अर्धवट सोडून घरी आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस सर्वांत घातक. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर श्वास आणखी लवकर थांबतो.

झोपेच्या गोळ्यांवरून आठवलं. त्या दोन पोरांच्या खिशातली पाकिटं मी स्वतः पाहिली. ती झोपेच्या गोळ्यांची होती. ज्या वेदनाशामकांवर बंदी मागायचं ठरलं, त्यांतलं एकही नव्हतं. आपल्याकडे सगळ्याला 'ड्रग' म्हणायची सवय लागलीय. चंदगडच्या ढोलगरवाडीत २०२१ साली मेफेड्रोनचा कारखाना सापडला, ते झोप उडवणारं रसायन. जिममधली पोरं दम वाढावा म्हणून टोचून घेतात ते मेफेन्टरमाइन रक्तदाब वाढवणारं, भूलतज्ज्ञाच्या कामाचं. आणि कॅन्सरच्या रुग्णाचं मॉर्फिन तिसरंच. या सगळ्यांना एकच कायदा, एकच धाड आणि एकच निवेदन लावणं म्हणजे डोकेदुखी, हगवण आणि मोडलेलं हाड यांवर एकच काढा पाजण्यासारखं आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिच्यात आहे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधी ते शेड्यूल एच१ या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत होतं. वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, वही तीन वर्षं जपायची. नव्या कायद्याचं नाव ऐकूनच मी घाबरलो. असलेला माल परत पाठवला आणि ठेवायचं बंद केलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगचं काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे दोन वर्षं ट्रॅमाडॉल न्यायचे, पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेलं. चिठ्ठी असायची, वहीत नाव असायचं. त्या आठवड्यात ते आले तेव्हा मी नाही म्हणालो. चार दिवसांनी परत आले ते घामाने थबथबलेले, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, काउंटरला धरून उभे. म्हणाले, "मालक, दोनच द्या, कामावर उभं ऱ्हाता येईना झालंय." मला वाटलं, हा नशेडी निघाला. मी मान फिरवली. औषध एकदम तोडल्यावर शरीर असं बंड करतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि समोर दिसत असताना ओळखता आलं नाही. सहाएक महिन्यांनी त्यांच्या भावाकडून कळलं, ते ट्रक थांबतात तिथल्या एका माणसाकडून सुट्या गोळ्या घेत होते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या. माझ्या वहीतून नाव गेलं आणि माणूस वहीबाहेरच्या जगात गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला की ही औषधं अचानक तोडल्याने रुग्णांचे असह्य हाल होतात, आत्महत्याही झाल्यात, मात्रा हळूहळू उतरवा. तो वाचताना मला तो घामेजलेला चेहरा दिसत होता.

डॉक्टरसाहेबांचं 'आपल्याकडे नाही' हे तर इतिहासालाच धरून नाही. आपल्याकडे हा प्रवास बऱ्याचदा उलट्या दिशेने झाला. ईशान्येकडे मणिपूर, नागालँड, मिझोराममध्ये हेरॉईन मिळेनासं किंवा महाग झालं की पोरं स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन या पोटदुखीवरच्या, अफूच्या जातीचं औषध असलेल्या कॅप्सूल फोडून, आतली पूड पाण्यात कालवून टोचून घेत. ती पूड शिरेत नीट विरघळत नसे, जखमा चिघळत, हात कापावे लागत. नव्वदच्या दशकात दिल्ली, कोलकाता, चेन्नईत गर्द घेणारे ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्या जातीच्याच औषधाच्या इंजेक्शनकडे वळले. म्हणजे तिथे आधी पुडी आणि मागून औषध. अमेरिकेतही हेच दिसतं. साठच्या दशकात सुरुवात करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक थेट हेरॉईनने सुरू झाले होते, २००० नंतरच्यांत तीन चतुर्थांश गोळ्यांनी. गोळ्या महागल्या, तेव्हा पुन्हा थेट हेरॉईनने सुरुवात करणारे वाढले, २०१५ पर्यंत ते एक तृतीयांश झाले. जे हाताशी असतं त्याने माणूस सुरू होतो. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. त्यात देशातले सुमारे २ टक्के लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेणारे निघाले: हेरॉईन १.१४ टक्के, औषधी गोळ्या-सिरप ०.९६ टक्के, अफू ०.५२ टक्के. आपल्याकडे पुडी गोळीच्या पुढे आहे. ज्यांना उपचारांची गरज आहे असे ७७ लाख, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांना पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढावं लागलं ते ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्याच, लाटेमुळे. तेव्हा कुणाच्या घरात ऑक्सिकॉन्टिन होतं?

सरसकट बंदीची आपली कहाणी अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात आहे. गर्द त्याआधीच मुंबईत पोचली होती, तिचं खापर कायद्यावर फोडणार नाही. पण त्या कायद्याच्या धाकाने इस्पितळांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिची प्रक्रिया होते, जगाला कच्चा माल आपण पुरवतो. आणि १९९७ पर्यंत या देशात मॉर्फिनचा वापर वर्षाला अवघ्या १८ किलोंच्या आसपास आला. एवढं करून गर्द थांबली का? २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला, मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांची वाट मोकळी केली. त्यामागे केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांची वर्षानुवर्षांची खटपट होती. तरीही २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाच्या हिशेबाने भारतात गरजेच्या फक्त ४ टक्के वेदनाशामक अफूजन्य औषध पोचतं. अमेरिकेत गरजेच्या तीसपटीहून जास्त. तीसपट ओतणाऱ्या देशाचा धडा शंभरातले चार घोट मिळणाऱ्या देशाने जसाच्या तसा कसा गिरवायचा?

गगनबावड्याकडच्या एक बाई मागच्या पावसाळ्यात माझ्या दुकानात आल्या होत्या. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, गाल आरपार गेलेला, आता उपचार संपले म्हणून घरी पाठवलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती, चिठ्ठीवर मॉर्फिन लिहिलेलं होतं. सकाळपासून आठ दुकानं फिरून आल्या होत्या. माझ्याकडेही नव्हतं. म्हणाल्या, "औषध हाय म्हणत्यात, पण मिळंना झालंय. आमचं मालक रातभर भिंतीला टाळू लावून बसत्यात." मी त्यांना ज्या केंद्राचा पत्ता दिला तिथे पोचायला त्यांना दुसरा दिवस लागणार होता. तालमीतल्या निवेदनाने उद्या ते केंद्रही बिचकलं, तर या बाईंनी कुठे जायचं? गर्दच्या एका तरी अड्ड्याला त्या निवेदनाने कुलूप लागणार आहे का?

यावर मला विचारलं जाईल, आणि ते विचारायलाच हवं, की मग सगळं मोकळं सोडायचं का? बिलकूल नाही. औषधवाल्यांतही नासके आंबे आहेत. कोडीनचं, म्हणजे अफूच्याच जातीचं, खोकल्याचं सिरप बिनचिठ्ठीचं बाटल्यांनी विकणारे मला माहीत आहेत, आणि धाडी त्यांच्यावर, त्यांच्या ठोक पुरवठादारांवर पडायला हव्यात. टॅपेंटाडॉल हे ट्रॅमाडॉलचं तीव्र भावंड. २०२५ च्या फेब्रुवारीत स्नायू सैल करणाऱ्या कॅरिसोप्रोडोलबरोबर त्याचं मिश्रण केलेल्या भारतीय गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघडकीला आलं आणि केंद्राला निर्यातीच्या परवानग्या मागे घ्याव्या लागल्या. असा माल एका गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर जात नाही, खोक्यांनी जातो. खोकी मोजायला यंत्रणा आहे, ती वापरा. डॉक्टरांनीही साध्या दाढेच्या दुखण्याला दहा दिवसांची तीव्र गोळी लिहू नये. नव्या माणसाच्या बाबतीत हात आखडता घ्या, माझी ना नाही. पण ज्याच्या शरीराला आधीच सवय झालीय त्याची गोळी तोडण्याआधी त्याला जायला जागा तयार पाहिजे.

ती जागा म्हणजे पुन्हा एक गोळीच आहे, आणि गोळीविरोधी मंडळींना इथे अडखळायला होतं. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायचं, ते तलफ भागवतं, पण एका मर्यादेपुढे श्वास दाबत नाही. १९९५ साली फ्रान्सने साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ते लिहायची मुभा दिली. चार वर्षांत तिथले हेरॉईनच्या ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. पंजाबने २०१७ पासून याच औषधाची बाह्यरुग्ण केंद्रं काढली. त्यातही गळती होते, गोळ्या बाहेर विकल्या जातात, हे खरं आहे. तरी गळकं छप्पर डागडुजी करून वापरायचं असतं, भर पावसात उतरवायचं नसतं. आणि नॅलॉक्सोन, जे थांबत चाललेला श्वास दोन-चार मिनिटांत परत आणतं, ते रुग्णवाहिकेत आणि तालुक्याच्या दवाखान्यात तरी असलंच पाहिजे.

पुढच्या रविवारी तालमीत पुन्हा बैठक आहे. निवेदनाची एक प्रत माझ्या गल्ल्यात आहे. 'हद्दपार करा' हे शब्द मी खोडलेत आणि शेजारी पेनने लिहिलंय: जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी कॅन्सरच्या रुग्णाला चिठ्ठीवर मॉर्फिन आणि सवय लागलेल्याला ब्युप्रेनॉर्फिन मिळालं पाहिजे, ठोक मालाची दर महिन्याला तपासणी झाली पाहिजे. खाली सह्यांसाठी जागा सोडलीय. पहिली माझी. दुसरी करायला फौंड्रीतल्या त्या गृहस्थांचे भाऊ शनिवारी दुकानात येणार आहेत.